आईच्या टाचेचा रंग

रंगाच्या दुकानात त्याला छटामास्तर म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच पसरवलं होतं, अशी दुकानातल्या इतरांची समजूत होती. खरंखोटं काहीही असो, नाव शोभत होतं. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणायचं, सोफ्याचं कापड आणायचं, कधी नुसतंच 'आमचं लग्न झालं तेव्हा होता तसला पिवळा' एवढं वर्णन घेऊन यायचं. छटामास्तर डबे उघडायचा, थेंबथेंब रंग टाकायचा, ढवळायचा, पुठ्ठ्यावर बोट ओढून तो पुठ्ठा दारात नेऊन बघायचा. मालकांनी रंग मिसळायचं यंत्र आणलं होतं, ते मान मोडून कोपऱ्यात उभं असायचं. त्या यंत्राला छटामास्तर 'उमेदवार' म्हणायचा आणि त्यानं काढलेला रंग गिऱ्हाइकासमोर तपासून, "बरा आहे, शिकेल," असा शेरा द्यायचा.

असा माणूस घरी आईची टाच तपासायला बसला, तर त्याच्या हातून चूक होईल असं कुणाला वाटणार? त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

आई टायपिंग शिकवायची. अर्ध्या वस्तीची बोटं तिनं वळणाला लावली होती, आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला ती नालायक समजायची. बाजाराच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकटी राहायची. टायपिंगचा जमाना उलटून गेला तरी एक यंत्र खिडकीत झाकून ठेवलेलं होतं आणि रोज त्याची धूळ पुसली जायची. मग एके दिवशी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे, आई दुसरीकडे. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जागच्या जागी बसलं, आणि आई मुलाच्या घरी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर येऊन पडली.

हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आमचं काम झालं, आता उभं राहणं आणि चालणं तुमच्या हाती. आईनं त्यातून स्वतःच्या सोयीचं तेवढं उचललं. "चालायला लागले की मी माझ्या घरी," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. छटामास्तर म्हणाला, "बघू." बघू या शब्दात जितकं न बघणं असतं तितकं दुसऱ्या कुठल्याच शब्दात नसतं, आणि आईला ते पक्कं ठाऊक होतं. जिना चढता आला नाही तर त्या दोन खोल्या रिकाम्या करून टाकायच्या, एवढं बोलणं घरात एकदा होऊन गेलं होतं. पलंगावर पडलेल्या माणसाला भिंतीपलीकडचं जरा जास्तच ऐकू येतं.

आता छटामास्तराच्या मनाचाही हिशोब मांडायला हवा. आजवर आईच्या खात्यात सगळी जमा धाकट्या बहिणीची होती. ती बस डेपोच्या खिडकीवर तिकिटं द्यायची, सुट्टीच्या दिवशी आईकडे जायची, भांडून यायची आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा जायची. भाऊ महिन्याकाठी तोंड दाखवायचा. पण आई घरी आली आणि पारडं फिरलं. शेजारचे विचारायला येऊ लागले. 'आजच्या काळात असा मुलगा' ही ओळ त्यानं इतक्यांदा ऐकली की तिच्या आधीचा श्वाससुद्धा त्याला ओळखू येऊ लागला. आता खरं सांगायचं तर आईला धुणं-पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं-घेणं हे सगळं त्याची बायको करायची. छटामास्तराकडे तपासणी होती. काम एकाचं आणि तपासणी दुसऱ्याची, ही वाटणी जगात बहुतेक ठिकाणी अशीच असते आणि बहुतेक ठिकाणी तपासणाराच जास्त दमतो.

तपासणी आली ती अशी. आईला घरी सोडताना रुग्णालयातली परिचारिका घाईघाईनं सांगून गेली की पडून पडून माणसाला जखमा होतात, हाड वर असतं तिथे. माकडहाडावर बघा, टाचांवर बघा, लाल दिसलं की लगेच कळवा. आणखीही काही सांगत होती, पण 'लाल' हा शब्द कानावर पडला आणि छटामास्तराचं ऐकणं तिथेच संपलं. लाल ओळखायला त्याला सांगताहेत! देवानं योग्य जागी योग्य माणूस नेमलाय, अशा चेहऱ्यानं तो घरी आला.

एक अडचण मात्र त्याच्या ध्यानात आली, आणि तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आई काळी होती. सावळी म्हणणं हा नातेवाइकांचा सभ्यपणा; ती स्वतःला चक्क काळी म्हणायची. "माझ्यावर शाई सांडली तरी कळायचं नाही," असं टायपिंगच्या मुलींना सांगून हसवायची. अशा कातडीवर लाल हा लाल म्हणून दिसतच नाही, हे छटामास्तराला दुसऱ्याच दिवशी उमगलं. मग त्यानं काय करावं? दुकानातून चार रंग छोट्या डब्यांत आणले, सकाळच्या उजेडात आईचा उजवा पाय खिडकीकडे वळवला, आणि टाचेचा रंग पुठ्ठ्यावर उतरवला. अगदी हुबेहूब. पुठ्ठा टाचेला लावला तर कडा कुठे संपते ते कळेना. आता रोज सकाळी पुठ्ठा लावायचा, टाच जरा जरी बदलली तर ती त्याच्या नजरेतून सुटायची नाही.

या पुठ्ठ्याचं फार कौतुक झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला गेला. मालकांनी दुकानात चार गिऱ्हाइकांपुढे त्याचा विषय काढला. आई एवढंच म्हणाली की बाबा, उरलेल्या रंगानं माझं स्टूलही रंगवून टाक.

उजवाच पाय का? तर मोडका तोच. तोच हलत नव्हता, तोच जपायचा होता, सगळ्यांचं बोलणं त्याच्याचभोवती फिरत होतं. डावा पाय बिचारा धडधाकट, त्याच्याकडे बघतंय कोण? त्या उजव्या टाचेखाली बायकोनं एक मऊ उशीही सरकवली होती. व्यायाम शिकवणारा माणूस एक दिवसाआड यायचा आणि आईला पलंगाच्या कडेला उभं करायचा. पहिल्यांदा ती उभी राहिली आणि लगेच बसली. नंतर नंतर बराच वेळ राहू लागली. उभी असताना तिचा चेहरा परीक्षेच्या दिवशी वर्गावर नजर ठेवणाऱ्या बाईंसारखा व्हायचा.

असे काही दिवस गेले. एका सकाळी छटामास्तरानं पुठ्ठा लावला, तर कड दिसली. टाच पुठ्ठ्यापेक्षा किंचित गडद होती, जांभळटाकडे झुकलेली. दुसरा कुणी असता तर त्याला ते दिसलंही नसतं. त्याला दिसलं. आणि मग त्यानं तेच केलं जे त्याच्यासारखा जाणकारच करू जाणे: त्यानं टाचेवर नाही, पुठ्ठ्यावर संशय घेतला. हलका पुठ्ठा रंग पितो, मिश्रणातला तांबडा आधी उडतो, हे त्याला वर्षानुवर्षांचं ठाऊक. "नमुन्याचा रंग उतरला," असं तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली की चादर नेमकी त्याच टाचेखाली सारखी चुरगळते, मी दिवसातून कितीदा ताणते. छटामास्तर म्हणाला, बरं. आणि त्यानं चांगल्या जाड पुठ्ठ्यावर टाचेचा नवा नमुना काढला. पुन्हा कड दिसेना. मनाला बरं वाटलं.

पुढच्या सुट्टीला धाकटी आली. येताना तेलाची बाटली घेऊन आली, कारण तिच्या मते या घरात आईच्या पायाला कुणी हात लावत नव्हतं, नुसतं बघत होते. दुपारची वेळ, छटामास्तर जेवायला आलेला. बहीण पलंगाच्या पायथ्याशी बसली, दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि दोन्ही टाचा दोन्ही तळहातांत धरल्या. तेल लावायच्या आधीच तिचे हात थांबले.

"दादा, आईला ताप आहे का?"

"नाही. का गं?"

"एका टाचेला आहे."

छटामास्तर हसला. तिकिटं फाडणाऱ्या बोटांना एवढं कळतं म्हणायचं, असं काहीतरी बोलला, आणि उठून पुठ्ठा घेऊन आला. उजेडात टाचेला लावून दाखवला. बघ, कुठे आहे फरक? बहिणीनं पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला तुझ्यासारखं दिसत नाही बाबा. हाताला लागतं ते सांगते. ही गरम आहे आणि आतून मऊ पडलीय, उकडलेल्या बटाट्यासारखी. ती गार आहे आणि घट्ट आहे. वहिनी, तू हात लाव."

वहिनीनं हात लावला. तिनं हात लगेच काढला नाही, आणि ते छटामास्तराला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मग भावा-बहिणीचं जुंपलं. रोज तपासणारा मी, तू आठवड्यातून एकदा येणार आणि उंटावरून शेळ्या हाकणार, हे त्याचं म्हणणं. रोज दिव्याखाली अंधार बघतोस, हे तिचं. शब्दानं शब्द वाढत गेला आणि शेवटी बहीण आवाज न चढवता म्हणाली, "तुला आई बरी व्हायला नकोय, दादा. तुला आई सांभाळलेली हवीय."

आई म्हणाली, "माझ्या पायावरून भांडू नका. पाय माझा आहे."

"मग तूच सांग. दुखतंय का?" छटामास्तरानं विचारलं.

"नाही."

हे नाही फार चटकन आलं. टायपिंगच्या यंत्राच्या कळीवर बोट आधीच ठेवलेलं असावं तसं.

आता बहिणीचं तोंड बंद करायचं तर एकच मार्ग होता. दोन्ही टाचा सारख्या आहेत हे दाखवून द्यायचं. त्यानं पहिल्यांदाच आईचा डावा पाय हळूच उचलला, खिडकीच्या उजेडात घेतला आणि पुठ्ठा लावला.

कड दिसली. नुसती दिसली नाही, टाच आणि पुठ्ठा दोघं दोन घरचे निघाले. त्याला वाटलं, उजेडाचा फसवा कोन असेल. पाय वळवला, पुन्हा लावला. मग तो कपाटाकडे गेला आणि टाकून न दिलेला तो पहिला पुठ्ठाही घेऊन आला. डावी टाच, तिच्या शेजारी पहिला पुठ्ठा, त्याच्या शेजारी दुसरा, आणि शेवटी उजवी टाच. चार घरं ओळीनं लागली. फिक्याकडून गडदाकडे, कंपनीच्या छापील कार्डावर असतात तशी, पायरीपायरीनं उतरत जाणारी; शेवटची दोन तर एकच.

छटामास्तर त्या ओळीकडे बघत उभा राहिला. गिऱ्हाईक उन्हानं उडालेल्या भिंतीचा टवका आणायचं तेव्हा तो त्याला ऐकवायचा की हा नमुना नव्हे, हा बिघाड आहे. कपाटामागचा टवका आणा, जिथे ऊन पोचलेलं नाही. आणि इथे आईचा कपाटामागचा टवका डाव्या पायात जागच्या जागी असताना त्यानं बिघाडाचाच नमुना काढला होता. एकदा नव्हे, दोनदा. टाच रोज बिघडत गेली आणि तो रोज पुठ्ठा लावून म्हणत राहिला की मिळतंय.

"कधीपासून?" त्यानं आईला विचारलं.

आईनं खिडकीबाहेर बघितलं. मग सांगितलं की रुग्णालयातच टाचेत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. इथे आल्यावर पहिले काही दिवस जास्त, मग जरा कमी, आता तर बधिरच.

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला उभं करायचं बंद केलं असतंत," आई म्हणाली. "मला जिना चढायचाय."

आरोग्य केंद्रातून घरोघरी जाणारी एक परिचारिका होती, तिला निरोप गेला. ती संध्याकाळच्या आत आली. तोवर बहिणीनं रक्त फिरावं म्हणून ती टाच तेल लावून चांगली चोळून काढली होती, आईनं ओठ आवळले तेव्हा कुठे थांबली. परिचारिकेनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. आतलं मांस आधीच दबून नाजूक झालेलं, त्यावर चोळणं म्हणजे पडलेल्या माणसाला उठ म्हणून लाथ घालणं. म्हणजे भावाच्या नावावर पुठ्ठा आणि बहिणीच्या नावावर तेल. छटामास्तराला त्यातून थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही वाटली.

परिचारिका आईला आजी म्हणाली. आईनं तिला सांगितलं की मला बाई म्हणतात. "बरं बाई," म्हणून तिनं टाचेवर बोट दाबलं, सोडलं, आणि बघत राहिली. मग दुसऱ्या टाचेवर तसंच केलं. नुसता तात्पुरता लालपणा असेल, तर दाबल्यावर तो फिका पडतो आणि बोट काढलं की परततो, रक्त हलतंय याची ती खूण. इथे रंग जागचा हलत नव्हता. पण काळ्या कातडीवर हा खेळसुद्धा डोळ्याला नीट दिसत नाही, असंही ती म्हणाली. तिथे हात लावायचा. तळवा नाही, हाताची मागची बाजू. शेजारच्या कातडीपेक्षा, दुसऱ्या पायापेक्षा गरम आहे का, नाहीतर उलट गार आहे का. कडक लागते का, पिलपिलीत लागते का. आणि माणसाला विचारायचं, दुखतंय का, जळजळतंय का. विचारायचं आणि खरं सांगायचं, असं म्हणताना तिनं आईकडे बघितलं. आईनं खिडकीकडे.

मग ती सांगत गेली. माणूस एकाच जागी पडून राहिला की एका बाजूनं हाड आणि दुसऱ्या बाजूनं गादी, मधल्या मांसाला चाप बसतो. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, मांस उपाशी राहतं. टाचेला तर मांसाचं आवरणच बेताचं. नुकसान हाडाजवळ सुरू होतं आणि वर वर येतं. कातडीला सगळ्यात शेवटी कळतं. आज कातडी अखंड आहे हे नशीब. आत किती गेलंय ते मात्र आज कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित जिरेल. कदाचित उघडेल.

छटामास्तराला हे त्याच्या भाषेत कळलं. भिंतीवरच्या रंगाला फुगा येतो तेव्हा आतली वीट केव्हाच भिजलेली असते, आणि गिऱ्हाईक भांडतं ते मात्र रंगवाल्याशी.

टाचेखालची मऊ उशी परिचारिकेनं काढून टाकली. मऊ असली म्हणून काय झालं, टाच टेकलेलीच की. तिनं तीच उशी पोटरीखाली लांबवर सरकवली, गुडघा किंचित वाकवला, आणि टाच गादीवर न टेकता मोकळी राहिली. टाचेखालून एक कागद आरपार गेला पाहिजे, ती म्हणाली. मग आईला वर कोण ओढतं, असं तिनं विचारलं. आई बसती केली की घसरत घसरत खाली येते, मग मी काखेत हात घालून ओढते, असं बायकोनं सांगितलं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि माणूस पुढे जातो. खाली आडवी चादर घालायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं.

"दुसरं कोण?" बायकोनं विचारलं. सगळ्यांनी छटामास्तराकडे बघितलं. अशा रीतीनं तपासनीस साहेब त्या संध्याकाळी मजुरीवर रुजू झाले.

शेवटी आईनं जे विचारायचं ते विचारलं. उभं राहण्याचं काय? परिचारिका म्हणाली, डॉक्टरांना विचारून कळवते, पण सध्या त्या पायावर भार नको. बसल्या बसल्या मांडीचा व्यायाम, हातांचा व्यायाम, तो सगळा चालू. उभं राहणं बंद.

आई मुलाला म्हणाली, "बघ. मी काय म्हणत होते?"

त्यावर परिचारिकेनं पिशवी आवरता आवरता सांगितलं, "बाई, आज सांगितलंत म्हणून काही दिवस बंद. टाच उघडी पडल्यावर कळलं असतं तर महिनोन् महिने बंद. हिशोब तुम्हीच करा."

आईनं हिशोब केला असावा, कारण त्यानंतर ती खरं बोलू लागली, आणि ते घराला जड गेलं. उशी सरकली, सांगितलं. चादरीला चुणी पडली, सांगितलं. माकडहाड अवघडलं, कूस बदला. "गंमत आहे," बायको म्हणाली, "आधी बोलत नव्हत्या ते बरं होतं की आता बोलतात ते?" पण दर दोन-अडीच तासांनी दोघं चादरीची टोकं धरून एका सुरात उचलायची. पहिल्यांदा छटामास्तरानं जोर लावला तो असा की आई उशीच्याही वर गेली. नवरा-बायकोनं एकत्र काही उचलण्याची ही घरातली लग्नानंतरची पहिली खेप, आणि एक-दोन-तीन म्हणताना कितव्या आकड्याला उचलायचं यावरून दोन दिवस वाद चालला.

सकाळी तो टाचांना हाताची मागची बाजू लावायचा, आधी डावीला, मग उजवीला. पहिले काही दिवस त्याचा हातच त्याला काही सांगेना. सगळं आयुष्य डोळ्यावर काढलेला माणूस, हात म्हणजे ढवळायची काठी धरायची वस्तू. बायकोला विचारायचा, तुला काय लागतंय? ती सांगायची, अजून गरम. मग त्यालाही गरम लागायचं. हे खरं लागणं की बायकोचं ऐकून लागणं, ते तपासायला तो पुढच्या खेपेला आधी स्वतः बोलायचा.

मधे एक वाईट आठवडा गेला. डाग काळपट झाला आणि मधोमध पाण्याचा फोड धरल्यासारखं दिसू लागलं. परिचारिका येऊन बघून गेली. आईनं त्या दिवशी व्यायाम केला नाही. टायपिंगच्या यंत्राला तेल घालायला कुणीतरी जा, एवढंच म्हणाली, आणि धाकटी जाऊन घालून आली. छटामास्तर दुकानात एका गिऱ्हाइकाला चुकीचा निळा देऊन बसला. 'उमेदवार' कोपऱ्यात घरघरत होता, त्यालाही त्यानं टोमणा मारला नाही.

फोड फुटला नाही. हळूहळू आतलं पाणी जिरलं, वरची कातडी सुकून टणक झाली, काळ्या टोपीसारखी. एका सकाळी हात लावला तर दोन्ही टाचा सारख्याच गार होत्या. त्यानं बायकोला हाक मारायच्या आधी पुन्हा एकदा लावून बघितलं. नंतर त्या टोपीची कड सुटू लागली, आणि मग मात्र छटामास्तराची खरी परीक्षा सुरू झाली. सुटलेला पापुद्रा दिसला की पात्यानं खरवडायचा, हा त्याचा धंद्याचा हात. परिचारिकेनं बजावलं होतं की बोटसुद्धा लावायचं नाही, आपोआप पडेल. तो पलंगाशी बसायचा आणि दोन्ही हात मांडीखाली घालायचा. आई ते बघायची आणि पाय मुद्दाम त्याच्या बाजूला करायची.

टोपी पडली तेव्हा खाली नवी कातडी होती, पातळ, गुलाबीसर. आई म्हणाली, "चला, म्हातारपणी एवढी तरी गोरी झाले."

डॉक्टरांनी उभं राहायला परवानगी दिली. मागून उघडी असलेली चप्पल, आधाराला धरून चालायची चौकट, आधी पलंगाची कड, मग खोलीचं दार, मग ओटा. हे सगळं सावकाश झालं. आणि आई ज्या दिवशी चौकट न घेता, नुसती काठी टेकत दारापर्यंत जाऊन परत आली, त्या दिवशी छटामास्तराला जो आनंद व्हायला हवा होता त्यात कसलीतरी भेसळ होती. त्यानं ती ओळखली. तो रंगाचा माणूस, चमचाभर काळा पडला तरी त्याला कळायचा. आई गेली की आतली खोली रिकामी. शेजारचे विचारायला येणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी बहीण पुन्हा बाजारापलीकडे जाईल आणि सगळी जमा पुन्हा तिकडे. तो बहिणीला म्हणाला, त्या दिवशी तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं. बहीण म्हणाली, कुठलं? तिला पक्कं आठवत होतं. ती गोष्ट ती पुढे जन्मभर पुरवून पुरवून वापरणार होती. आत्ता फक्त ठेव म्हणून बाजूला ठेवली.

"मग जाऊ द्यायचं ना तिला?" बहिणीनं विचारलं.

"जाणारच आहे ती. आपण कोण जाऊ देणारे," छटामास्तर म्हणाला. मग आईशी बोलणं झालं. पोटरीखालची उशी तिकडेही. रोज संध्याकाळी या घरचं कुणीतरी येऊन टाचा, माकडहाड बघणार, आणि आईनं त्याला दारातून परत पाठवायचं नाही. आईनं घासाघीस केली. एक दिवसाआड, म्हणाली. सून म्हणाली, रोज. सुनेचं आईनं ऐकलं. उचलून उचलून तिचा अधिकार तयार झाला होता.

जिना लाकडी होता, अरुंद, एका बाजूला कठडा. बहीण वर दार उघडून उभी राहिली, बायको सामान घेऊन आधीच वर गेली होती. धड पाय आधी वर, मग दुखरा, मग काठी, हे आईला शिकवलेलं होतं, आणि ती ते ओठांतल्या ओठांत म्हणत चढत होती. छटामास्तर तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, हात तयार ठेवून. चपला मागून उघड्या होत्या. दोन्ही टाचा त्याच्या छातीसमोर होत्या, एक वर जायची, दुसरी तिच्या शेजारी येऊन टेकायची. उजवी जरा बिचकत टेकायची. मधल्या वळणावर आई थांबली, श्वास घेतला, कठड्यावरची पकड बदलली.

"मागून पाय बघत चढू नकोस," ती मान न वळवता म्हणाली. "पायरी बघ. आता तू पडलास तर तुला कोण उचलणार?"

"बघतो," तो म्हणाला. त्यानं पायरी बघितली. मग पुन्हा टाचा बघितल्या, आधी डावी, मग उजवी. आई पुढच्या पायरीवर चढली.